सक्रिय श्रवण (व्यवस्थापन)

सक्रिय श्रवण ही संभाषणाची एक कार्यपद्धती आहे. तीत ऐकणारी व्यक्ती समोरच्याच्या बोलण्यातील आशय आणि त्यामागील भावना या दोन्हींकडे लक्ष देते, आपल्याला काय समजले ते स्वतःच्या शब्दांत त्याला सांगते आणि ते बरोबर आहे की नाही हे त्याच्याकडूनच पडताळून घेते. तोपर्यंत सल्ला, निवाडा आणि प्रतिवाद राखून ठेवले जातात. मानसोपचाराच्या क्षेत्रात आकाराला आलेली ही पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील उद्योगक्षेत्रात रुजली. पुढे ती पर्यवेक्षक, व्यवस्थापक, शिक्षक व वैद्यकीय कर्मचारी यांच्या प्रशिक्षणाचा भाग बनली.

समुपदेशकाच्या खोलीत बोलणाऱ्याची नोकरी ऐकणाऱ्याच्या हाती नसते. कामाच्या ठिकाणी ती बहुधा असते. पगारवाढ, बदली, रजा आणि गोपनीय अहवाल ज्याच्या सहीवर अवलंबून आहेत, त्याच्यासमोर माणूस मोजून-मापून बोलतो. म्हणून नेतृत्वपदावरील व्यक्तीच्या श्रवणाचा विचार अधिकाराच्या विचारापासून वेगळा करता येत नाही. या विषयावरील महत्त्वाचे संशोधन आणि गाजलेले अपघात या दोहोंतून हीच बाब पुढे येते.

संज्ञा

भारतीय परंपरेत ‘श्रवण’ हा शब्द जुना आहे. बृहदारण्यक उपनिषदात श्रवण, मनन आणि निदिध्यासन असा क्रम येतो, नवविधा भक्तीत श्रवणभक्ती पहिली मानली जाते आणि दासबोधाच्या चौथ्या दशकातील पहिला समास तिच्यावरच आहे. मात्र या परंपरेत ऐकणारा हा शिष्य किंवा साधक असतो. अधिकार बोलणाऱ्याकडे असतो. व्यवस्थापनातील सक्रिय श्रवणात दिशा नेमकी उलटी आहे. येथे अधिकारी ऐकतो आणि हाताखालची व्यक्ती बोलते. शब्द एकच असला तरी दोन्ही कल्पनांची सरमिसळ करणे योग्य ठरत नाही.

रोजच्या मराठीतील ‘ऐकणे’ या क्रियापदाचा वापरही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. ‘मुलगा ऐकत नाही’ याचा अर्थ तो आज्ञा पाळत नाही असा होतो. ‘ऐकून घेणे’ म्हणजे शांतपणे दुसऱ्याचे म्हणणे समजून घेणे, तसेच निमूटपणे बोलणी सोसणे. ऐकणे आणि मानणे भाषेतच असे जोडले गेलेले असल्यामुळे ‘साहेबांनी कामगारांचे ऐकले’ या वाक्याचा अर्थ अनेकदा साहेब नमले असा घेतला जातो. सक्रिय श्रवणाच्या मांडणीत समजून घेणे आणि मान्य करणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. मागणी नाकारणारा अधिकारीही ती पूर्णपणे ऐकू शकतो, किंबहुना नाकारण्यापूर्वी त्याने ती ऐकावीच, असे ही पद्धत मानते.

हॉथॉर्न येथील मुलाखती

‘सक्रिय श्रवण’ हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधी उद्योगातील श्रवणाचा एक मोठा प्रयोग अमेरिकेतील शिकागोलगतच्या सिसेरो गावी झाला. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून प्रकाशयोजना, विश्रांतीच्या वेळा आणि उत्पादन यांच्या संबंधावर प्रयोग चालू होते. त्यांना पुढे हार्वर्ड विद्यापीठातील एल्टन मेयो आणि फ्रिट्झ रोथलिसबर्गर यांचे मार्गदर्शन लाभले. व्यवस्थापनाची पाठ्यपुस्तके यांपैकी प्रकाशयोजनेच्या प्रयोगांवर अधिक भर देतात. परंतु श्रवणाच्या दृष्टीने १९२८ ते १९३० या काळातील मुलाखतींचा कार्यक्रम अधिक महत्त्वाचा आहे. या काळात २१,००० हून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या.

आरंभी मुलाखतकार ठरावीक प्रश्न घेऊन बसत: काम कसे वाटते, प्रकाश पुरेसा आहे का, मुकादम कसा वागतो. कामगार उत्तरे देत, पण संधी मिळताच विषयांतर करत आणि प्रश्नावलीत नसलेल्या गोष्टींवर तळमळीने बोलू लागत. मुलाखतकार त्यांना पुन्हा प्रश्नाकडे वळवीत. काही काळानंतर संशोधकांच्या लक्षात आले की ज्याला आपण विषयांतर समजतो तेच कामगाराला सांगायचे आहे. १९२९ मध्ये पद्धत बदलण्यात आली. कामगाराने हवे त्या विषयावर बोलावे, मुलाखतकाराने धीराने व स्नेहभावाने ऐकावे, अधिकार गाजवू नये, उपदेश करू नये, वाद घालू नये आणि बोलणे पुढे सरकावे एवढ्यापुरतेच प्रश्न विचारावेत, असे नियम ठरले. त्यानंतर मुलाखतीची सरासरी लांबी सुमारे अर्ध्या तासावरून दीड तासाच्या आसपास गेली.

या मुलाखतींतून तक्रारीविषयी एक भेद पुढे आला. रोथलिसबर्गर आणि विल्यम डिक्सन यांनी १९३९ च्या ‘मॅनेजमेंट अँड द वर्कर’ या ग्रंथात तक्रारीचा उघड आशय आणि तिच्यातील सुप्त आशय वेगळे केले. यंत्र गरम होते ही तक्रार तपासता येते. मुकादम पक्षपाती आहे किंवा पगार अन्यायाचा आहे, या तक्रारींत मात्र वस्तुस्थितीबरोबरच बोलणाऱ्याची परिस्थिती, अपेक्षा आणि कारखान्यातील त्याचे स्थान मिसळलेले असते. अशा तक्रारीला आकडे पुढे करून उत्तर दिले, तर उत्तर अचूक असूनही तक्रार जागच्या जागी राहते.

याच कार्यक्रमाविषयी सांगितला जाणारा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. एका कामगार स्त्रीने मुलाखतीत उपाहारगृहातील जेवणावर कडाडून टीका केली. काही दिवसांनी ती मुलाखतकाराला भेटली आणि आपले म्हणणे वरपर्यंत पोहोचवून जेवण सुधारल्याबद्दल तिने त्याचे आभार मानले. जेवणात कोणताही बदल झालेला नव्हता. मन मोकळे केल्याने माणसाला हलके वाटते याचा पुरावा म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. त्याचा दुसरा, कमी सुखद अर्थही निघतो. त्याचा विचार शेवटच्या विभागात केला आहे.

रॉजर्स आणि फार्सन

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स हे १९४५ ते १९५७ या काळात शिकागो विद्यापीठात होते. रुग्णाला निदान व सल्ला देण्यापेक्षा त्याचे अनुभवविश्व त्याच्याच दृष्टीने समजून घेतल्यास तो स्वतः मार्ग शोधू शकतो, ही त्यांच्या व्यक्तिकेंद्री मानसोपचाराची मूळ धारणा होती. १९५२ मध्ये रॉजर्स आणि हॉथॉर्नचे रोथलिसबर्गर यांचा संवादातील अडथळ्यांवरील संयुक्त लेख ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्याचे बोलणे ऐकताच त्याचे मूल्यमापन करण्याची आपली सवय हा संवादातील मुख्य अडथळा आहे, असे रॉजर्स यांनी त्यात मांडले. त्यांनी एक साधा प्रयोगही सुचवला: वाद चालू असताना प्रत्येकाने आपला मुद्दा मांडण्यापूर्वी आधीच्या वक्त्याचे विचार आणि भावना त्याचे समाधान होईल अशा रीतीने पुन्हा सांगाव्यात. हा नियम ऐकायला सोपा आहे. बैठकीत तो दहा मिनिटे पाळून पाहिल्यास तो किती अवघड आहे हे कळते.

१९५७ मध्ये रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांची ‘ॲक्टिव्ह लिसनिंग’ ही छोटी पुस्तिका शिकागो विद्यापीठाच्या औद्योगिक संबंध केंद्राने प्रकाशित केली. या संज्ञेचा प्रसार तिच्यापासून झाला. पुस्तिकेतील एक उदाहरण कारखान्यातील आहे. लेथ यंत्राची जुळणी संपल्याचे एक कामगार सरळ शब्दांत सांगतो. दुसरा तेच काम एकदाचे संपले असे वैतागून, यंत्राला शिवी हासडत सांगतो. माहिती दोन्ही वाक्यांत सारखीच आहे. पहिल्यावर पुढचे काम देणे रास्त ठरते; दुसऱ्यावर तेच केले तर आपल्या श्रमांची या माणसाला दखल नाही असे कामगाराला वाटते. या पद्धतीत ऐकणाऱ्यालाही धोका आहे, असा इशारा लेखकांनी दिला होता. खऱ्या अर्थाने ऐकल्यास आपले मत बदलू शकते, आणि ती तयारी नसेल तर हे तंत्र पोकळ नाटक ठरते. पुढील काळातील अनेक प्रशिक्षणवर्गांत नेमका हाच इशारा गाळला गेला.

रॉजर्स यांचे विद्यार्थी व सहकारी थॉमस गॉर्डन यांनी १९७० मध्ये पालकांसाठी आणि १९७७ मध्ये नेतृत्वपदावरील व्यक्तींसाठी लिहिलेल्या पुस्तकांमुळे ही पद्धत सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली.

कार्यपद्धती

मिनेसोटा विद्यापीठातील राल्फ निकोल्स यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले की बोलण्याचा वेग मिनिटाला सुमारे १२५ शब्द असतो, तर विचार त्याहून पुष्कळ वेगाने धावतो. उरलेल्या वेळात मन भटकते किंवा उत्तर जुळवू लागते. अनुभवी अधिकाऱ्याच्या बाबतीत ही अडचण वाढते, कारण पहिल्या दोन वाक्यांतच ‘हे प्रकरण माहीत आहे’ असे त्याला वाटू लागते. वैद्यकीय क्षेत्रातील एक अभ्यास येथे बोलका आहे. हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ७४ भेटींच्या पाहणीत डॉक्टरांनी रुग्णाचे प्रारंभिक निवेदन सरासरी १८ सेकंदांत थांबवले होते आणि ते पूर्ण करण्याची संधी केवळ २३ टक्के भेटींत मिळाली होती. रुग्णाने पहिल्यांदा सांगितलेली तक्रार हीच त्याची मुख्य तक्रार असते, असे गृहीत धरता येत नाही.

सक्रिय श्रवणात मोकळे प्रश्न, मौन, देहबोलीकडे लक्ष, पुनर्कथन आणि भावनेचा निर्देश यांचा समावेश होतो. यांपैकी पुनर्कथन मध्यवर्ती आहे. उदाहरणार्थ, एखादी अभियंता वरिष्ठांना म्हणते, “सर, शुक्रवारपर्यंत होईल, पण चाचणीला जरा कमी वेळ मिळेल.” यावर “ठीक आहे, शुक्रवारी द्या” हे उत्तर वाक्याचा पहिला भागच ऐकते. “म्हणजे शुक्रवारी दिले तर काही दोष तसेच राहतील, अशी तुम्हाला काळजी वाटते का?” हे उत्तर दुसरा भाग उचलते आणि त्याची खातरजमा करते. अंदाज चुकीचा असल्यास अभियंता तो दुरुस्त करू शकते. पोपटाप्रमाणे तेच शब्द परत म्हणणे म्हणजे पुनर्कथन नव्हे. तसे केल्यास समोरची व्यक्ती चिडण्याचीच शक्यता अधिक.

मराठी कार्यालयीन बोलीत नकार आणि शंका सहसा उघडपणे व्यक्त होत नाहीत. ‘बघतो’, ‘प्रयत्न करतो’, ‘तुम्ही म्हणाल तसं’, ‘तसं काही नाही, पण...’ हे शब्दप्रयोग होकारासारखे दिसतात; प्रत्यक्षात त्यांत अडचणीची सूचना असू शकते. पुणे-पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यासारख्या औद्योगिक भागात त्यात भाषांची भर पडते. यंत्रावरचा कामगार मराठीत किंवा हिंदीत बोलतो, बैठकीची टिपणे इंग्रजीत लिहिली जातात आणि मधल्या भाषांतरात तक्रारीची धार जाते. पुनर्कथन बोलणाऱ्याच्या भाषेत झाले तरच तो ते तपासू शकतो.

अधिकार, मौन आणि अपघात

वरिष्ठाने न ऐकल्याचे परिणाम विमानवाहतुकीत विशेष तपशिलाने नोंदले गेले आहेत, कारण तेथे संभाषणाचे ध्वनिमुद्रण होते. २८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचे १७३ क्रमांकाचे डीसी-८ विमान अमेरिकेतील पोर्टलंडजवळ कोसळले. उतरण्याच्या चाकांत बिघाड असल्याच्या शंकेने कप्तान सुमारे तासभर विमान घिरट्या घालत ठेवून तयारी करत होता. सहवैमानिक आणि उड्डाण अभियंता यांनी इंधनाचा उल्लेख वेळोवेळी केला, पण तो माहिती दिल्यासारखा. ‘आता उतरलेच पाहिजे’ असे कोणी ठणकावून म्हटले नाही. इंधन संपून इंजिने बंद पडली. विमानातील १८९ जणांपैकी १० जण मृत्युमुखी पडले. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने कप्तानाने इंधनस्थितीवर व सहकाऱ्यांच्या सूचनांवर लक्ष न दिल्याचा ठपका ठेवला. त्याचबरोबर इतर दोघांनी परिस्थितीचे गांभीर्य पुरते ओळखले नाही अथवा आपली काळजी कप्तानापर्यंत यशस्वीपणे पोहोचवली नाही, हेही साहाय्यक कारण म्हणून नोंदवले.

या निष्कर्षाची दुसरी बाजू तेवढीच महत्त्वाची आहे. कनिष्ठ बोलला होता, पण अधिकाराच्या उतारावरून वर जाताना त्याचे बोलणे सौम्य झाले होते. अशा सौम्य बोलण्यातील इशारा ओळखणे हे वरिष्ठाचे काम ठरते. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने वैमानिकांसाठी नवे प्रशिक्षण सुरू केले. ते पुढे ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ या नावाने जगभर स्वीकारले गेले. कप्तानाने मत विचारावे, कनिष्ठाने ठामपणे मांडावे आणि महत्त्वाची सूचना परत उच्चारून पक्की करावी, या गोष्टी त्यात सवयीच्या बनवल्या जातात. स्वभावावर भिस्त न ठेवता श्रवणाला कार्यपद्धतीत बसवण्याचा हा बहुधा सर्वांत यशस्वी प्रयत्न होय.

चॅलेंजर अंतराळयानाच्या दुर्घटनेत प्रकार वेगळा होता. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी थंडीमुळे रॉकेटच्या जोडांतील रबरी कड्या नीट काम करणार नाहीत असे सांगून उड्डाण पुढे ढकलण्याची शिफारस केली. नासाच्या अधिकाऱ्यांनी दूरध्वनीवरील त्या बैठकीत शिफारशीला जोरदार हरकत घेतली. कंपनीने स्वतंत्र चर्चेसाठी वेळ मागून घेतला आणि तिच्या वरिष्ठ व्यवस्थापकांनी शिफारस फिरवली. बैठक पुन्हा सुरू झाल्यावर कोणाची हरकत आहे का, असे विचारले गेले. कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान नष्ट होऊन सातही अंतराळवीरांचा मृत्यू झाला. तांत्रिक अर्थाने अभियंत्यांचे म्हणणे ऐकले गेले होते, अगदी तक्त्यांसह. मात्र यान सुरक्षित असल्याचे सिद्ध करण्याऐवजी ते असुरक्षित असल्याचे सिद्ध करा, अशी अपेक्षा त्यांच्याकडून होऊ लागली होती. शेवटी विचारलेल्या प्रश्नाला मिळालेले मौन संमती मानले गेले.

या मौनाचा अभ्यास पुढे संघटनशास्त्रात झाला. एलिझाबेथ मॉरिसन आणि फ्रान्सिस मिलिकेन यांनी २००० मध्ये ‘संघटनात्मक मौन’ ही संकल्पना मांडली. त्याआधी एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतील औषधचुकांच्या अभ्यासात एक अनपेक्षित बाब आढळली होती. ज्या विभागांचे नेतृत्व चांगले होते, तेथे चुकांची नोंद अधिक होती. तेथील परिचारिका अधिक चुका करत होत्या असे नव्हे. त्या चुका सांगायला कचरत नव्हत्या, असा अर्थ त्यांनी लावला. १९९९ मध्ये त्यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ ही संकल्पना कार्यगटांच्या संदर्भात विशद केली. तक्रारी कमी येतात म्हणून सर्व आलबेल आहे असे मानणाऱ्या अधिकाऱ्याने हा अभ्यास जरूर पाहावा.

शस्त्रक्रियागृहातही असाच प्रयत्न झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये प्रसृत केलेल्या १९ मुद्द्यांच्या सुरक्षा तपाससूचीत छेद घेण्यापूर्वी सर्वांनी आपले नाव व भूमिका सांगावी आणि अपेक्षित अडचणी बोलून दाखवाव्यात, अशी तरतूद आहे. हे काम शल्यविशारद अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली झाले. त्यांचे वडील आत्माराम गावंडे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांच्या २००९ च्या अभ्यासात तपाससूचीच्या वापरानंतर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे दिसले. यात श्रवणाचा वाटा नेमका किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

भारतीय कायद्यातील तरतुदी

भारतात कामगारांचे म्हणणे ऐकण्याची काही चौकट कायद्याने घातली आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ ने १०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींची कार्य समिती स्थापण्याची तरतूद केली. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही अशी समिती आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांत अंतर्गत समिती बंधनकारक केली. अशा समितीपुढील सुनावणी आणि सक्रिय श्रवण यांत फरक आहे. सुनावणीत दोन्ही बाजू नोंदवून निर्णय द्यायचा असतो. तरीही तक्रारदाराला मध्येच न तोडता बोलू देणे आणि तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत नोंदवणे, ही कौशल्ये दोन्हीकडे लागतात.

परिणामकारकता आणि टीका

हॅरी वेगर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अनोळखी व्यक्तीशी बोलताना सक्रिय श्रवणाचा प्रतिसाद मिळालेल्यांना, सल्ला किंवा नुसते हुंकार मिळालेल्यांपेक्षा आपल्याला अधिक समजून घेतले गेले असे वाटले. मात्र संभाषणाच्या समाधानाबाबत सल्ला मिळालेले लोकही त्यांच्या मागे नव्हते. अवराहम क्लुगर आणि गाय इत्झ्चाकोव्ह यांच्या संशोधनानुसार चांगला श्रोता लाभल्यास बोलणाऱ्याचा बचावात्मक पवित्रा कमी होतो आणि त्याची मते कमी टोकाची होतात. याउलट जॉन गॉटमन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये नवविवाहित जोडप्यांच्या अभ्यासात दाखवले की भांडणाच्या भरात सक्रिय श्रवण जवळजवळ आढळतच नाही आणि त्यावरून विवाहाच्या यशाचे भाकीतही करता येत नाही. ज्याच्यावर टीका होत आहे त्यानेच शांतपणे पुनर्कथन करावे, ही अपेक्षा अवास्तव असल्याचे त्यांचे मत होते. आपल्याविरुद्धची तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्यालाही हे लागू पडते. अशा तक्रारी दुसऱ्या व्यक्तीने ऐकाव्यात या प्रथेमागे हे एक कारण आहे.

अधिक मूलगामी टीका समाजशास्त्रातून आली. हॉथॉर्न कारखान्यात १९३६ पासून कामगारांसाठी कायमस्वरूपी समुपदेशन सुरू करण्यात आले. समुपदेशकांनी ऐकायचे, पण कोणतीही कारवाई करायची नाही आणि वेतन किंवा पदोन्नतीच्या प्रश्नांत पडायचे नाही, अशी रचना होती. जीन आणि हॅरोल्ड विलेन्स्की यांनी १९५१ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’ मधील लेखात या योजनेची चिकित्सा केली. असंतोष बोलण्यातून निघून जातो आणि त्यामुळे व्यवस्थापनाचे नियंत्रण टिकण्यास मदत होते, असे त्यांचे म्हणणे होते. उपाहारगृहाच्या प्रसंगाचा दुसरा अर्थ येथे स्पष्ट होतो: कामगार स्त्रीचे समाधान झाले, पण जेवण तसेच राहिले. कामगार संघटनांच्या बाजूने पाहता, सामूहिक मागणीचे एकेका कामगाराच्या मनोगतात रूपांतर करणारे श्रवण हे हक्काला पर्याय होऊ शकत नाही. याच कारणाने अनेक अभ्यासक सक्रिय श्रवणात पाठपुराव्याचाही समावेश करतात. त्यांच्या मते निर्णय काय झाला, तो का झाला आणि मागणी नाकारली असल्यास कोणत्या कारणाने, हे बोलणाऱ्याला ठरावीक मुदतीत कळवले गेले पाहिजे.

हॉथॉर्नमधील समुपदेशन योजना १९५६ मध्ये संपुष्टात आली. डिक्सन आणि रोथलिसबर्गर यांनी तिचा आढावा १९६६ मध्ये ‘कौन्सेलिंग इन ॲन ऑर्गनायझेशन’ या ग्रंथात घेतला.